होडी सांभाळा, शेजार जोडा

मुंबईहून गोव्यापर्यंत लहान होडीनं किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं तर अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास भरतं. ताशी पाच मैलांची चाल, फक्त दिवसा प्रवास आणि आवडलेल्या बंदरात एखादा जादा मुक्काम धरला, तर दोन-तीन आठवडे हवेत. वीस-पंचवीस फुटी फायबरची शिडाची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन आणि दोघं-तिघं धडधाकट माणसं एवढ्यावर ही सफर होते.

तयारीला लागलेले लोक बहुधा दोन गोष्टी विचारतात. वाटेत इंजिन रुसलं तर काय करायचं? आणि अनोळखी बंदरात आपल्याला कोण विचारणार? दोन्हींवर उपाय एकच आहे: दुपारच्या आत बंदरात पोचा. उजेड हाताशी असला की होडीची रोजची डागडुजी नीट होते. ती धक्क्यावर, चारचौघांच्या देखत केली की शेजारही जुळतो. या किनाऱ्यावर तुमचे सहप्रवासी म्हणजे कोळी, खारवी, दालदी, गाबित अशा समाजांतले मच्छीमार. शिडाची दुसरी हौशी होडी भेटली तर भेटली. बिघडलेल्या वस्तूंबद्दल या लोकांशी जितकं मोकळं बोलणं होतं, तितकं हवापाण्यावरही होत नाही.

हंगाम, वारा आणि पंचांग

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेच्या आसपास होड्या पुन्हा समुद्रात जातात म्हणून हौशी माणसानं घाई करू नये. पावसाळी लाटा सप्टेंबरअखेरपर्यंत पुरत्या निवत नाहीत, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळ उठू शकतं. नोव्हेंबर २००९ मधलं फयान तर ऐन मासेमारीच्या दिवसांत आलं होतं. पहिल्या लांब सफरीसाठी डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा लाटांचा अंदाज रोज संध्याकाळी पाहायचा. बंदरावर इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढला असेल तर मुक्काम वाढवायचा. त्यावर चर्चा नको.

थंडीत दिवसाची घडी ठरलेली असते. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो आणि पाणी बरंचसं सपाट असतं. सकाळी दहा-अकराला तो पडतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि चारपर्यंत लाटांना फेस आणतो. दक्षिणेला जाताना हा वारा पाठीमागून येतो, म्हणून सुखाचा वाटतो. परतीला तोच तोंडावर बसतो. म्हणून जाताना आणि येताना, दोन्ही वेळा उजाडताच नांगर उचलायचा आणि बारा-एकच्या सुमारास खाडीत शिरायचं.

शिरताना भरती चढती हवी. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून लाट आली की खाडीच्या तोंडाशी साचलेल्या गाळावर ती उभी राहते आणि फुटते. बाणकोटच्या खाडीत असा उथळ पट्टा आहे. नकाशातल्या खोलीपेक्षा तिथं रोज ये-जा करणाऱ्या होड्यांची वाट जास्त विश्वासाची. एखादी आत जाणारी होडी दिसेपर्यंत बाहेर थांबा आणि तिच्या मागून जा.

भरतीची वेळ काढायचा मुंबईकडचा जुना हिशेब अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. दक्षिणेला जाल तशी ती थोडी आधी येते आणि पाण्याचा चढउतारही कमी होत जातो. मुंबईला उधाणात पाणी चार मीटरांहून जास्त चढतं, गोव्यात दोन मीटरांच्या आसपास. मिनिटांचा हिशेब हवा तिथं भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरती-ओहोटीचं कोष्टक घ्या. मात्र धक्क्यावर बोलताना पंचांगाचा हिशेब ठाऊक असावा. समोरचा तांडेल ‘आज सप्तमी’ एवढंच म्हणेल आणि त्यात त्यानं वेळ सांगितलेली असेल.

निघण्यापूर्वी होडी एकदा उघडून पाहा

दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन एवढे चारच थांबे. ही होडी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली, आणि ती बांधली जात असताना दोंदे त्या कामात होते. आपल्या सफरीचा आवाका त्यापुढे नगण्य, तरी धडा लागू पडतो: प्रत्येक नळी कुठून कुठं जाते, प्रत्येक वायर कुठं संपते, हे निघण्यापूर्वी स्वतःच्या हातानं पाहिलेलं असावं.

त्यासाठी एक सबंध रविवार द्या. फळ्या उचला. तळातून आरपार जाणारी छिद्रं किती, त्यांचे व्हॉल्व्ह फिरतात का, हे पाहा. प्रत्येक व्हॉल्व्हजवळ त्या मापाची लाकडी खुंटी सुतळीनं बांधून ठेवा. नळी तुटली तर ती ठोकून पाणी थांबवता येतं, आणि अशा वेळी खुंटी शोधत बसायला सवड नसते. पाणी उपसायचा पंप हातानं चालणाराही हवा, कारण बॅटरी नेमकी पाण्याखालीच असते.

सुट्या भागांत हे असू द्या: पाण्याच्या पंपाचे इंपेलर दोन, स्पार्क प्लग, इंधनाचे फिल्टर, पंख्याची पिन आणि जमलं तर जादा पंखा, गिअर तेल, फ्यूज, नळ्यांच्या क्लिपा, एम-सील, इपॉक्सी आणि फायबरची मॅट, शिवणाची जाड सुई आणि मेणाचा दोरा. फायबरकामाची एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगली धरते, पण इपॉक्सीच्या ठिगळावर पॉलिएस्टर रेझीन नीट धरत नाही. बंदरातले फायबरवाले बहुधा पॉलिएस्टर वापरतात. आधी काय लावलंय ते त्यांना सांगा.

कागदपत्रांत होडीची नोंदणी, विमा आणि सगळ्यांची ओळखपत्रं हवीत. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रमार्गे आले, तेव्हापासून किनाऱ्यावर अनोळखी होडीकडे लोक बारकाईनं पाहतात, आणि ते योग्यच आहे. निघताना बंदर कार्यालयात कळवा. महाराष्ट्रात बंदरं मेरीटाईम बोर्डाकडे, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे. कुणी हटकलं तर त्रासिक चेहरा न करता कागद पुढे करा. व्हीएचएफ रेडिओ असेल तर सोळा नंबरचं चॅनेल कायम चालू हवं. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक फोनमध्ये ठेवा आणि आतल्या भिंतीवरही लिहून चिकटवा.

रोजची अर्धा तास देखभाल

दुपारी नांगर पडला किंवा दोर बांधला की जेवण आणि मग अर्धा तास होडीला. क्रम ठरलेला ठेवा: इंजिन, दोर, नांगर, वीज, तळातलं पाणी. तळात पाणी दिसलं तर बोट बुडवून चव घ्या. गोडं असेल तर टाकी गळतेय, खारं असेल तर शोध लगेच सुरू करायचा.

आउटबोर्डच्या मागून पाण्याची एक बारीक धार पडत असते. तिच्याकडे पाहायची सवय लावा, कारण इंजिन थंड राहतंय की नाही याची ती खूण आहे. धार मंदावली तर आधी नायलॉनच्या बारीक तारेनं तिचं भोक मोकळं करा, तिथं मीठ साचतं. मग इंजिन बंद करून वर उचला आणि पाणी ओढायच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी चिकटली आहे का पाहा. मुंबईपासून रेवदंड्यापर्यंत ती सापडायची शक्यता भरपूर. तरीही धार सुधारली नाही तर इंपेलर बदलायचा.

हे काम होडीत वाकून करू नका. सुटलेला बोल्ट पाण्यात गेला की गेला. इंजिन धक्क्यावर घ्या, खाली जुनी चादर पसरा. खालचा भाग सोडवून पंपाचं झाकण काढलं की रबराची पाती असलेलं छोटं चाक दिसतं. चांगल्या इंपेलरची पाती बोटानं वाकवली की झटकन सरळ होतात. शिळ्याची वाकलेलीच राहतात, बुडाशी चिरा दिसतात. एखादं पातं तुटलं असेल तर नवं चाक घालून मोकळं होऊ नका. तुटका तुकडा पुढच्या वाटेत अडकलेला असतो, तो सापडेपर्यंत काम संपलेलं नाही. दांड्यावरची बारीक चावी चादरीवर पडली असेल, ती आधी उचलून खिशात टाका. नवा इंपेलर साबणाच्या पाण्यानं ओला करा आणि दांडा ज्या दिशेनं फिरतो त्या दिशेला वळवत आत बसवा. पाती उलटी दुमडली तर थोड्याच तासांत तेच काम पुन्हा.

गिअर तेलाचा एक थेंब आठवड्यातून एकदा बाहेर काढून पाहा. ते दुधाळ दिसलं तर सील गेलंय आणि पाणी आत शिरतंय. खाऱ्या पाण्यात चाललेलं इंजिन गोड्या पाण्यानं धुवायचं असतं, पण धक्क्यावर गोडं पाणी मच्छीमारही विकत घेतात. नळाला पाइप लावून पाऊण तास होडी धुणारा हौशी माणूस कुणाला आवडत नाही. एक पिंपभर पाणी पैसे देऊन घ्या, त्यात इंजिन दहा मिनिटं चालवा, आणि उरलेल्या पाण्यानं इंजिनाचं बाहेरचं अंग पुसा. होडीवरचं मीठ काढायला थंडीत दव फुकट मिळतं. पहाटे डेक निथळत असतो. नांगर उचलण्याआधी एक फडकं फिरवलं की कड्या, तारा, कप्प्या गोड्या पाण्यानं पुसून निघतात. गंजाचा पहिला तांबूस ठिपकाही याच वेळी दिसतो.

पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. म्हणून कॅन अर्धे रिकामे ठेवून आठवडे काढू नका, आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर लावाच. इंधन मोजताना तीन वाटे करा: एक जायला, एक यायला, एक शिल्लक. धक्क्यावर मिळतं ते बहुधा डिझेल, आणि तेही मच्छीमार सोसायटीच्या सभासदांसाठी. पेट्रोल गावातल्या पंपावरून धातूच्या कॅनमधून आणावं लागतं. त्यासाठी कुणाची तरी रिक्षा किंवा स्कूटर लागते. गावाशी पहिली ओळख अनेकदा अशीच होते.

दोरांचं दुखणं एकाच जागी असतं, जिथं ते कडेवर घासतात. धक्क्याला बांधल्यावर तिथं जुन्या बागेच्या पाइपचा हातभर तुकडा चिरून चढवा. रात्रभर लाट हलकी असली तरी तीच जागा हजारो वेळा घासली जाते. बॅटरीच्या टोकांवर हिरवट भुकटी दिसली की ब्रशनं घासून व्हॅसलीन लावा. इंजिन बंद करून थोड्या वेळानं मोजल्यावर बारा व्होल्टची बॅटरी १२.६ दाखवत असेल तर भरलेली. १२ च्या आसपास आली की रात्रीचे दिवे जपून वापरा.

नांगर आणि तळ

रायगड-मुंबईकडे नांगराचा दोर मोजताना भरती विसरली की रात्री होडी चालू लागते. ओहोटीला खोली तीन मीटर आहे, भरती आणखी चार चढणार, होडीचं तोंड पाण्यावर एक मीटर. बेरीज आठ. त्याच्या पाचपट, म्हणजे चाळीस मीटर दोर-साखळी सोडायची. वारा वाढला तर सातपट. नांगर टाकल्यावर इंजिन मागे चालवून तो रुतवा आणि किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा एका रेषेत धरा. अर्ध्या तासानं त्या खुणा सरकल्या असतील तर पुन्हा टाका. खाडीचा चिखल नांगर घट्ट धरतो, पण उचलताना साखळी बादलीनं धुऊन घ्या. नाहीतर दोन दिवसांत आतल्या खोलीला त्याचा वास लागतो.

उबदार पाण्यात तळाला शेवाळ आणि शंखांची खरबरीत खपली लवकर धरते. होडी जड चालते, इंधन जास्त जातं. तळाचा रंग सफरीआधी नवा असावा. वाटेत खरवडायचं तर भरतीला कडक वाळूवर होडी लावून ओहोटीत कोरडी पाडण्याचा इथला जुना मार्ग आहे. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत गिर्ये इथं आंग्र्यांच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी अजून पाहता येते. भरती-ओहोटीच्या चढउताराचा उपयोग गलबतांच्या डागडुजीसाठी किती पूर्वीपासून केला जात होता, ते तिथं उभं राहिल्यावर कळतं. आपल्याला गोदी नको, दिवस मात्र नीट निवडायला हवा. पौर्णिमा-अमावस्येच्या दोन-तीन दिवस आधी होडी चढवा, म्हणजे पुढची भरती आधीच्यापेक्षा मोठी येते आणि होडी नक्की तरंगते. उधाण उतरायला लागल्यावर चढवलीत तर भांगात, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, अडकून पुढच्या उधाणापर्यंत वाळूवर बसाल. मुंबई-रायगडच्या पट्ट्यात थंडीत रात्रीची भरती दुपारच्यापेक्षा बहुधा मोठी असते. दुपारी चढवून रात्री उतरवायचा बेत त्यामुळे जमतो. इंजिनाजवळचा झिंकचा तुकडा याच वेळी पाहा. निम्मा झिजला असेल तर बदला. तो झिजतोय म्हणून बाकीचा धातू शाबूत आहे.

जागा निवडताना आधी गावकऱ्यांना विचारा. वाळूखाली दगड कुठं आहेत हे त्यांना पाठ असतं. मालवणला तर सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकांमधून स्थानिक माणसाशिवाय शिरूच नये. फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर हे धाडस नको.

धक्क्यावरचा शेजार

मिरकरवाडा, देवगड अशा मोठ्या मच्छीमार बंदरांत धक्क्याची जागा तुमच्यासाठी राखलेली नसते. होड्या एकीच्या बाजूला एक अशा लागतात. तुम्हाला कुणाच्या तरी बाहेरच्या अंगाला लागायचं आहे. लांबून इंजिन मंद करा, उभं राहून हाक द्या: ‘दादा, तुमच्या बाजूला लावू का? पहाटे किती वाजता निघणार?’ दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. तीनला निघणाऱ्या होडीच्या बाहेर तुम्ही झोपलेले असाल तर तुम्हाला अडीचला उठून बाजूला व्हावं लागेल. ते आधी मान्य करा. तेवढ्या एका वाक्यावरून हा माणूस कामाच्या माणसांची वेळ ओळखतो, हे त्यांना समजतं.

जुने टायर होडीला काळे डाग लावतात म्हणून नाक मुरडू नका. तुमचे स्वतःचे फेंडर बाहेर टाका, वर पोतं अडकवा. धक्क्यावर जायला दुसऱ्याच्या होडीतून जावं लागतं. विचारून जा, पायताण हातात घ्या, आणि पुढच्या नाळेवर पाय देऊ नका. नारळी पौर्णिमेला तिची पूजा होते. जाळी पसरलेली असतील तर वळसा घाला. आपला दोर त्यांच्या खुंटाला बांधताना त्याचा फास त्यांच्या दोराच्या फाशातून खालून वर काढून अडकवा, म्हणजे कुणीही आधी निघालं तरी दुसऱ्याचा दोर सोडावा लागत नाही.

मग इंजिन उघडून बसा. पाच मिनिटांत एखादा तरुण खलाशी येऊन उभा राहतो, दहा मिनिटांत एखादे काका. सल्ले सुरू होतात. ऐकून घ्या, हातातला पाना त्यांच्या हातात द्या. लहान होड्यांवर तुमच्यासारखंच आउटबोर्ड असतं, आणि ते रोज वापरणाऱ्या माणसाला त्याच्या आवाजावरून कळणाऱ्या गोष्टी पुस्तकात नसतात. शीड फाटलं असेल तर जाळी दुरुस्त करत बसलेल्यांकडे न्या. तुमच्या सुईदोऱ्यानं ते सुबक टाका घालून देतील. त्यांच्या फोनमधलं हवामानाचं ॲप चालत नसेल किंवा जीपीएसच्या यंत्रात जुन्या खुणांची गर्दी झाली असेल, तर ते काम तुमचं. देणंघेणं दोन्ही बाजूंनी असलं की बोलणं लांबतं.

पैशाचा नियम सरळ ठेवा. दोर पकडला, वाट सांगितली, चहा दिला, याला पैसे देऊ नयेत, माणूस दुखावतो. मेकॅनिकची मजुरी, रिक्षा, पाणी, बर्फ याचे मात्र मागितलेले पूर्ण पैसे द्या. ‘आम्ही पाहुणे आहोत’ म्हणून घासाघीस नको. हर्णै बंदरातल्या लिलावात किलोभर मासळी मागत मधे घुसू नका. तो घाऊक व्यवहार आहे, सौदा संपल्यावर विक्रीला बसलेल्या मावशीकडून घ्या. कोळीवाड्यात मासळीचा पैसा बायकांच्या हातात असतो. बर्फ कुठं, भाजी कुठं, पोटदुखीवर डॉक्टर कोण, हे त्यांच्याकडून नेमकं कळतं. फोटो काढायचा तर विचारून, आणि काढलेला फोटो पाठवायचा म्हणजे पाठवायचाच.

शिमग्याला होड्या बंदरात येतात, धक्का गच्च भरतो आणि मेकॅनिक मिळत नाही. त्या आठवड्यात इंजिनाचं काम निघालं तर ते पुढे ढकला आणि बोलावलं तर सण पाहायला जा.

जाळ्यांचा मान

शेजारधर्माची खरी परीक्षा समुद्रात होते. वाहत्या जाळ्यांच्या टोकांना बावटे किंवा तरंगणारे डबे असतात, रात्री लुकलुकणारे दिवे. दोन बावटे दिसले तर मधून न जाता वळसा घाला, मैलभर पडला तरी चालेल. मुंबई-रायगडच्या पट्ट्यात डोल जाळ्यांचे खुंटे पाण्यात रोवलेले असतात. भरतीला त्यांची टोकं जेमतेम दिसतात, म्हणून अंधारात त्या बाजूला जाऊच नये.

तरी जाळं पंख्यात आलं तर इंजिन ताबडतोब बंद. आउटबोर्ड वर उचला आणि गुंता हातानं उलटा फिरवून सोडवून पाहा. सुरी सगळ्यात शेवटी, आणि कापावं लागलं तर कमीत कमी. मग निघून जाऊ नका. जवळची होडी शोधा, काय झालं ते सांगा, भरपाई द्या. ही बातमी वायरलेसवर तुमच्या आधी पुढच्या बंदरात पोचते. तिच्यात तुम्ही ‘जाळं कापून पळालेले’ आहात की ‘थांबून पैसे दिलेले’, यावर पुढच्या धक्क्यावरचं स्वागत ठरतं.

सिंधुदुर्गात वाळूच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकताना रापण कुठं ओढतात ते विचारा. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढून आणतात. तुमचा नांगर मधे असेल तर कित्येक घरांचा दिवस वाया जातो. मोकळे असाल तर दोराला हात लावा. ओढणाऱ्याला वाटा देण्याची रीत आहे. तुमच्या हातावर बांगडे ठेवले तर नको म्हणू नका.

वही आणि परतीचा हिशेब

होडीवर एक वही ठेवा. प्रत्येक बंदराला एक पान: आत शिरताना कुठं किती खोली मिळाली, नांगर कुठं धरला, गोडं पाणी कुठं, इंजिनवाला कोण, पेट्रोलपंप किती लांब. त्याच पानावर आणखी एक ओळ: इथं कुणाला काय हवं आहे. कुणाच्या जुन्या इंजिनाचा कार्ब्युरेटर गावात मिळत नाही, कुणाला मुंबईच्या इस्पितळात अपॉइंटमेंट हवी आहे, कुणाच्या मुलीला नौकानयनाच्या अभ्यासक्रमाची माहिती हवी आहे. दुसरी हौशी होडी भेटली तर खोली आणि नांगराची माहिती तिला मोकळेपणानं द्या. माणसांचे फोन नंबर मात्र त्यांना विचारल्याशिवाय पुढे देऊ नका.

सफर संपली की पहिल्या आठवड्यात इंजिन गोड्या पाण्यात चालवून, इंधन काढून, तेल बदलून ठेवा. शिडं धुऊन सावलीत वाळवा, दोरांची टोकं उलटी करा म्हणजे पुढच्या वर्षी घासणारी जागा बदलेल. वही उघडून वापरलेले सुटे भाग पुन्हा भरा. आणि त्याच बैठकीत ती शेवटची ओळ पाहा. मुंबईच्या बाजारात सहज मिळणारा शंभर-दोनशे रुपयांचा भाग देवगडला कुरिअरनं पाठवायला दहा मिनिटं लागतात, आणि तिथली एक होडी त्यामुळे पुन्हा समुद्रात जाते. पुढच्या हंगामात निघण्याच्या आठवडाभर आधी त्या सगळ्यांना एकेक फोन करा: ‘येतोय, काय आणू?’ सुट्या भागांची तुमची यादी त्या उत्तरांनंतरच पूर्ण होईल.